रेड वाइन सॉस दर वेळी बिघडतो? आधी आंबट, तुरट आणि कडू वेगळं ओळखा

लक्षणं सगळ्यांकडे सारखीच. सॉस आटून चकचकीत होतो, रंग पिकलेल्या जांभळासारखा येतो, वास घरभर सुटतो, आणि चमचा तोंडात घातला की गाल आत ओढले जातात. मग आपण साखर घालतो. अजून थोडी घालतो. शेवटी आंबटगोड, चिकट असं काहीतरी तयार होतं आणि ताटात चिकन संपतं, सॉस कडेला तसाच राहतो. पुढच्या वेळी वाइनची बाटली बदलून पाहतो. तरी तेच.

मी नाशकात राहते. वाइन मिळण्याची इथे काहीच अडचण नाही, तरीही माझा सॉस जवळपास दोन वर्षं असाच बिघडत होता. यूट्यूबवरच्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये या सगळ्या तक्रारींना सरसकट 'बिटर' म्हणतात आणि चिमूटभर साखर सुचवतात. आपल्या जिभेला आंबट, तुरट आणि कडू यांतला फरक लहानपणापासून कळतो. चिंच, कच्चं केळं आणि मेथी यांची गल्लत आपण कधी करत नाही. त्याच तीन शब्दांनी सॉस तपासायला लागले तेव्हा कारणं एकेक करून सुटी झाली. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आटवताना नेमकं काय होतं

हा सॉस मूळचा फ्रान्सचा. बोर्दो शहराच्या नावाचा 'बोर्दलेझ' म्हणजे रेड वाइन, बारीक चिरलेले छोटे कांदे, थाइम, तमालपत्रासारखं बे लीफ, हाडांचा घट्ट आटवलेला रस आणि वरून नळीतला मगज. बर्गंडीत 'मरेत' नावाचा याचा भाऊबंद आहे, त्यात पाण्यात अलगद शिजवलेली अंडी सोडतात. या दोन्हींमध्ये वाइन एकटी कधीच नसते. ती हाडांच्या रसात मुरलेली असते. आपण घरी करताना नेमका हाच भाग गाळतो.

वाइन आटवली की पाणी आणि अल्कोहोल उडून जातं. आम्ल, टॅनिन (द्राक्षाच्या सालीतलं तुरट द्रव्य), साखर, मीठ यांतलं जवळपास सगळं पॅनमध्येच राहतं. रेड वाइनमध्ये साधारण लिटरला ५ ते ७ ग्रॅम आम्ल असतं. अर्धी बाटली, म्हणजे ३७५ मिली वाइन आटवून ९० मिलीवर आणली, की तेच प्रमाण लिटरला २१ ते २९ ग्रॅमपर्यंत जातं. लिंबाच्या रसात लिटरला सुमारे ५० ग्रॅम असतं. म्हणजे आपण लिंबाच्या रसाच्या निम्म्या ताकदीचा आंबटपणा पॅनमध्ये करून ठेवतो आणि वर विचारतो की आंबट का झालं.

वाइनमधलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतलंही तेच. चिंचेचा कोळ नुसता आटवून पोळीला कुणी लावणार नाही. आमटीत तो चालतो, कारण तिथे डाळ असते. गूळ आपण घालतोच, पण आंबटाला खरा आधार डाळीचा असतो. वाइन सॉसमध्ये हाडांचा रस ही ती डाळ आहे.

आधी चार वाट्या घ्या

सॉस बिघडला असं वाटलं की सगळ्या पॅनवर प्रयोग करू नका. चार छोट्या वाट्यांत दोन दोन चमचे सॉस काढा. एकीत चिमूटभर मीठ, दुसरीत सुपारीएवढं बिनमिठाचं थंड बटर, तिसरीत चमचाभर घट्ट स्टॉक, म्हणजे हाडांचा आटवलेला रस घाला. चौथी तशीच ठेवा. प्रत्येक वाटीची चव घ्यायच्या आधी पाण्याने चूळ भरा.

मिठाने सुधारला, तर बिघाड नव्हताच, सॉस फक्त अळणी होता. हे वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा घडतं, कारण मिठाने कडूपणाही दबतो आणि आंबटपणाही गोलसर लागतो. बटरने किंवा स्टॉकने सुधारला, तर त्रास टॅनिनचा, म्हणजे तुरटपणाचा आहे. कशानेच सुधारला नाही आणि घशाशी कडवट चव रेंगाळते आहे, तर काहीतरी जळलं आहे. तो सॉस टाकून द्या. जळकेपणावर उपाय नाही, आणि त्यावर बटर, क्रीम ओतून तेही वाया घालवू नये.

तुरट: हिरड्या कोरड्या पडतात

सगळ्यात जास्त बिघाड इथला असतो. ओळख सोपी आहे. चव जिभेवर लागत नाही, तोंडाच्या आतल्या कातडीला जाणवते. सुपारी किंवा अर्धंकच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं.

उपाय यातच आहे. टॅनिनला चिकटायला दुसरं प्रथिन आधीच दिलं, तर ते लाळेला सोडतं. फ्रेंच स्वयंपाकी हाडांचा रस घालतात तो या जिलेटिनसाठी. आपल्याकडे पाया करणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. बोटं एकमेकांना चिकटतात ना, तेच जिलेटिन. मी चिकनचे पंख, माना आणि पाय मिळून किलोभर घेते, दोन लिटर पाण्यात मंद आचेवर चार तास ठेवते, गाळते आणि निम्मं होईपर्यंत आटवते. मीठ अजिबात घालत नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर तो खरवसासारखा थरथरला पाहिजे. भांडं तिरकं केल्यावर पाण्यासारखा वाहिला, तर त्यात जिलेटिन कमी आहे आणि त्याने तुमचा सॉस वाचणार नाही. पुन्हा आटवा. पहिल्यांदा माझा स्टॉक तसा थरथरला आणि मी चमचा उलटा करून पाहिला, तर तो चमच्याला धरून राहिला. त्या रात्रीचा सॉस पहिल्यांदाच संपला, आणि बाटली तीच होती जी आधी तीनदा फसली होती.

बाजारातला स्टॉक क्यूब इथे काहीच कामाचा नाही. त्यात मीठ आणि चव असते, जिलेटिन जवळपास नसतं.

दुसरी गोष्ट वाइनच्या निवडीची. लेबलवर 'रिझर्व्ह' असेल, ओकच्या पिंपात मुरवल्याचं लिहिलं असेल, तर ती प्यायला ठेवा. द्राक्षाच्या सालीचं टॅनिन आणि वर पिंपाच्या लाकडाचं, अशा दोन्हींची चव आटवल्यावर अंगावर येते. काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाची वाइन मुळात जास्त तुरट. बर्गंडीत पिनो न्वार वापरतात, ती टॅनिनला हलकी. आपल्याकडे साधी, पिंपात न मुरवलेली शिराझ किंवा झिन्फान्डेल चांगली चालते. महाग बाटलीची गरज नाही, हे मनापासून सांगते. आटवल्यावर महाग वाइनचा नाजूक सुगंध राहतच नाही.

शाकाहारी सॉसचं काय, हा प्रश्न रास्त आहे. जिलेटिन नाही, म्हणून कमी टॅनिनची वाइन घेणं इथे जास्त महत्त्वाचं ठरतं. पाव किलो बटण मशरूम चिरून, सगळं पाणी सुटून आटेपर्यंत आणि कडा तपकिरी होईपर्यंत परतायचे, त्यात चमचाभर टोमॅटो पेस्ट भाजायची आणि मग वाइन. शेवटी दोन चमचे ताजी साय किंवा क्रीम. दुधातलं केसिन हे प्रथिनही टॅनिनला धरतं. चहात दूध घातल्यावर चहाचा तुरटपणा कमी होतो, तोच हा प्रकार. रंग मात्र गढूळ होईल, ते मान्य करायचं.

आंबट: जबड्याच्या कडा आवळतात

आधी बाटलीचा वास घ्या. उघडून दोन आठवडे दाराच्या कप्प्यात पडलेली वाइन असेल, तर ती शिरक्याच्या वाटेला लागलेली असते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन ते पाच दिवस स्वयंपाकाला ठीक. त्यापुढे नको. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद माळ्याचा वास आला, तर बुचाचा दोष आहे. तो शिजवून जातो या भरवशावर राहू नका.

वाइन ताजी असून आंबट लागते आहे, तर जास्त आटवली किंवा स्टॉक कमी पडला. मी आता एक भाग वाइनला दीड भाग बिनमिठाचा स्टॉक घेते. याच टप्प्यावर साखर खरोखर उपयोगी पडते, पण पाव चमच्याच्या वर नाही. त्यापेक्षा कांद्याचा गोडवा जास्त बरा. शॅलट मिळत नसतील तर सांबारात घालतात ते छोटे कांदे घ्या, अगदी बारीक चिरा आणि मंद आचेवर दहा मिनिटं परता. ते पुरते मऊ झाले पाहिजेत, लाल होऊ द्यायचे नाहीत.

वाइन नाही म्हणून शिरका घालू का, असं खूप जण विचारतात. या सॉसमध्ये नको. गोव्याच्या विंदालूचं मूळ पोर्तुगीजांच्या 'कार्न द विन्या द आल्योश' या वाइन-लसणीत मुरवलेल्या मांसात आहे, आणि गोव्यात वाइनची जागा माडाच्या शिरक्याने घेतली. पण तिथे मिरची, मसाला आणि मांसाची चरबी असते, सगळं मिळून तो आंबटपणा पेलतात. इथे पेलायला कुणी नाही.

कडू: घशाच्या मागे राहतं

पॅनला चिकटलेली मांसाची खरवड हा या सॉसचा प्राण. ती खरपूस तपकिरी हवी. काळी झाली की कडू, आणि वाइन तो कडूपणा सगळ्या सॉसभर पसरवते. चिकन काढल्यावर पॅन डोळ्यांनी नीट बघा, उजेडात. काळे डाग दिसले तर पॅन पुसून घ्या, खरवडीशिवाय सॉस करा. तो थोडा सपक होईल, पण खाता येईल. नॉनस्टिकवर खरवड धरतच नाही, म्हणून त्यावर केलेला सॉस नेहमी उणा लागतो.

एक बारीक जागा माझ्या खूप उशिरा लक्षात आली. वाइन आटत खाली जाते तसं पॅनच्या आतल्या भिंतीवर जांभळं कडं उरतं. गॅसची ज्योत पॅनच्या बुडाबाहेर येत असेल, तर ते कडं करपतं, आणि ढवळताना आपणच ते सॉसमध्ये खरवडून घेतो. ज्योत बुडाच्या आत ठेवा आणि ओल्या ब्रशने किंवा ओल्या कापडाच्या बोळ्याने भिंत दोनतीनदा पुसा. लसूण घालत असाल तर ठेचून घाला आणि वाइनच्या अगदी आधी घाला. करपलेल्या लसणाइतकं हट्टी कडू दुसरं काही नाही.

काळा पडला, लोखंडासारखा लागतो

आपल्याकडची खास अडचण. बिडाच्या तव्यावर किंवा लोखंडी कढईत मांस फार सुरेख भाजलं जातं, म्हणून त्यातच वाइन ओतली जाते. पाच मिनिटांत सॉस करडा-काळा. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग होतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून पूर्वी शाई करत, ती याच जोडीवर. साधं अॅल्युमिनियमही आम्लाबरोबर चव बिघडवतं. भाजणं हवं तर बिडावर करा, पण सॉस जाड बुडाच्या स्टीलच्या पॅनमध्येच. काळा झालेला सॉस परत लाल होत नाही.

उग्र, खारट, फुटलेला, पातळ

नाकात झिणझिण्या आणणारा वास म्हणजे वाइन पुरती आटली नाही आणि घाईने स्टॉक ओतला. स्टॉक आधी पडला की अल्कोहोल उडायला फार वेळ लागतो. वाइन एकटीच चौथाईवर आणा, पॅन तिरका केल्यावर ती काकवीसारखी संथ सरकली पाहिजे. मग स्टॉक. तापलेल्या पॅनमध्ये वाइन ओतताना गॅस बंद करा, वाफ भडकू शकते.

खारटपणाचं मूळ नेहमी आटवण्याआधीच्या मिठात असतं. क्यूबमध्ये वजनाच्या साधारण निम्मं मीठच असतं. न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीने किराणा दुकानातून 'कुकिंग वाइन' लिहिलेली बाटली आणली होती आणि सॉस समुद्राच्या पाण्यासारखा झाला, म्हणून तिचा रात्री फोन आला. त्या बाटल्यांत मीठ घातलेलं असतं, पेय म्हणून कुणी वापरू नये म्हणून. मागच्या बाजूचं लेबल वाचायला सांगितलं तेव्हा तिलाच ते दिसलं. नावात 'कुकिंग' असलं तरी आटवायच्या सॉसला ती वाइन घेऊ नका. नेहमीचं पिवळं खारवलेलं बटरही मिठाचं असतं, तेव्हा मीठ सगळ्यात शेवटी, चव घेऊन.

सॉस फुटून तूप वर तरंगतं तेव्हा बटर घातल्यावर उकळी आलेली असते. गॅस बंद करून, थंड बटरचे तुकडे एकेक टाकत पॅन गोल फिरवायचा. फुटलाच, तर दुसऱ्या वाटीत चमचाभर गार पाणी घ्या आणि फुटलेला सॉस थेंबथेंब घालत फेटत जा. बहुतेक वेळा जुळून येतो. पातळ राहिला तर एक चमचा मऊ बटरमध्ये एक चमचा मैदा मळून त्यातलं थोडं थोडं घाला आणि दोन मिनिटं उकळा. हे मळलेलं बटर घालायचं ते शेवटच्या थंड बटरच्या आधी. कॉर्नफ्लोअर चालतं, पण आंबट सॉसमध्ये फार वेळ उकळलं की पुन्हा सैल पडतं.

आणि गोव्याहून आणलेली गोड पोर्ट वाइन. ती संपवायला म्हणून सॉसमध्ये जाते आणि आटून पाक होतो. तीच वापरायची तर चौथाईवर आणू नका, निम्म्यावर थांबा, आणि बरोबर थोडी कोरडी रेड वाइन घ्या.

पोटात काय जातं

'वाइन आहे, म्हणजे हृदयाला चांगलं' हे ऐकून कुणी हा सॉस करत असेल तर कृपया तसं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. सॉस चवीसाठी करावा.

चार जणांच्या सॉसला मी ३७५ मिली वाइन आणि ३० ग्रॅम बटर घेते. कोरड्या रेड वाइनमध्ये १०० मिलीला सुमारे ८५ कॅलरी असतात, पण त्यातल्या बहुतेक अल्कोहोलच्या आणि त्या आटवताना उडून जातात. उरते थोडी साखर आणि आम्लं, सगळ्या सॉसमध्ये मिळून दहाएक ग्रॅम कर्बोदकं. बटरच्या मात्र २१५ कॅलरी जशाच्या तशा राहतात. म्हणजे वाइन आणि बटर मिळून माणशी साधारण ६५ कॅलरी, आणि त्यात निम्म्याहून जास्त वाटा बटरचा. वजन सांभाळणाऱ्यांनी बटर कमी करावं. रक्तदाबवाल्यांनी क्यूब टाळावा, कारण संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं.

अल्कोहोल पूर्ण उडतं का? नाही. हे ठामपणे सांगायलाच हवं, कारण पाहुण्यांना 'काही राहत नाही हो' म्हणून वाढलं जातं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार उकळत्या पदार्थात घालून लगेच गॅस बंद केला तर ८५ टक्के अल्कोहोल राहतं, १५ मिनिटं शिजवल्यावर ४० टक्के, तासाभराने २५ टक्के, अडीच तासांनीही ५ टक्के. वर पेटवून दाखवतात त्यात तर ७५ टक्के शिल्लक असतं. उघड्या, पसरट पॅनमध्ये चौथाईवर आणलेल्या वाइनमध्ये फारच थोडं उरतं, तरी ते शून्य नसतं. म्हणून मुलं, गरोदर बाई, यकृताचा आजार असलेले, दारू सोडलेले, धर्माने न घेणारे, या कुणालाही न सांगता वाढू नये. मेट्रोनिडाझोल किंवा डायसल्फिराम ही औषधं चालू असतील तर अजिबात नाही. वाइनमध्ये सल्फाइट असतं, त्याचा दमा असलेल्या काहींना त्रास होतो, त्यांनाही आधी विचारा. अशा वेळी मी काळ्या द्राक्षांचा घरी काढलेला रस निम्म्यावर आटवते, त्यात स्टॉक आणि थोडासा लिंबाचा रस घालते. चव वेगळी येते, पण त्याचा स्वतःचा असा सॉस होतो.

कशावर घालायचा

भाजलेलं चिकन, मटणाचे चॉप, मशरूम, भाजलेलं बीट, कुस्करलेला बटाटा. पाण्यात शिजवलेल्या अंड्यांवर आणि तुपात भाजलेल्या पावावर मरेतच्या धर्तीचा सॉस मला सगळ्यात आवडतो. रविवारची सकाळची न्याहारी म्हणून करून बघा. पापलेटसारख्या नाजूक माशावर नको, तिथे लोखंडासारखी चव येते.

उरलेली वाइन बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. ती दगडासारखी कडक होत नाही, थोडी मऊच राहते, पण घरच्या फ्रीझरमध्ये नीट टिकते. एका खणात साधारण दोन चमचे मावतात, म्हणजे पुढच्या वेळी मोजायलाही सोपं. उरलेला सॉस फ्रिजमध्ये दोनतीन दिवस राहतो. थंड झाल्यावर तो गोठतो, त्याला घाबरू नका. चमचाभर पाणी घालून मंद आचेवर, उकळी येऊ न देता गरम करा आणि पॅन हाताने फिरवत राहा.